चिंचमाळ तांड्यात रिकामा कोणी नाही

पूनमसिंग राठोडला शेवटी भेटलेला माणूस खरा वाटतो. सकाळी कोणी सांगितलं की तापात भात खाऊ नये, तर तो दुपारपर्यंत भाताकडे बघत नाही. दुपारी दुसऱ्या कोणी सांगितलं की तापात भातच खावा, तर रात्री तो दुप्पट भात खातो. आणि ताप मुळात आलेला असतो रुपीबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला.

अशा माणसानं अनुदान मिळवायला निघावं, हे म्हणजे चकव्यातच जन्मलेल्या माणसानं वाट विचारायला बाहेर पडण्यासारखं होतं. पण पूनमसिंग निघाला.

तसा तो हुन्नरी. पांढरकवड्याला हायवेच्या कडेला, टायरवाला आणि चहावाला यांच्या मधोमध त्याचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तो पुन्हा तार भरून चालू करून देतो. तरुणपणी ऊसतोडीच्या टोळीबरोबर पश्चिमेकडे गेला होता. तिथल्या कारखान्यात एका मिस्त्रीशी त्याची गट्टी जमली, कोयता सुटला आणि हातात पक्कड आली. कोणाची मोटर जळाली की तो आधी मनापासून हळहळतो, आणि लगेच मनापासून खूश होतो. हे दोन्ही भाव त्याच्या चेहऱ्यावर इतके पाठोपाठ येतात, की माणसाला आपलं सांत्वन झालं की अभिनंदन, हे कळत नाही.

हिवाळ्यात गहू-हरभऱ्याला पाणी द्यायची वेळ आली की दुकानापुढे मोटारींची रांग लागते. शेतकरी तिथेच पोत्यावर बसून राहतात, पूनमसिंगच्या नावानं बोटं मोडतात आणि त्यालाच चहा पाजतात. तालुक्यात आणखी दहा-पंधरा मिस्त्री सहज पोट भरतील, एवढं काम. आणि तिकडे चिंचमाळ तांड्यातली, म्हणजे त्याच्याच बंजारा तांड्यातली, जवान पोरं दसरा झाला की मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून ऊस तोडायला जातात. त्यात नायकाचा, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाचा, नातू ओम असतो, बिजलीबाईचा शाम असतो, आणि पूनमसिंगचा स्वतःचा सोनूही असतो.

"माह्या दुकानात काहून नाही बसत तू?" असं पूनमसिंगनं सोनूला अनेकदा विचारलं होतं.

"तुम्ही शिकवत नाही, शिव्या देता," सोनूचं उत्तर ठरलेलं. "दोस्त संगं असले तं बसतो. तुमच्या शिव्या वाटल्या तं जातीन."

यावरून पूनमसिंगला वर्गाची कल्पना सुचली. तांड्यातल्या समाजमंदिरात सहा महिन्यांचा वर्ग, जळक्या मोटारी, तांब्याची तार, पोरांच्या हातात हत्यारं. शिवाय पोरांना महिन्याला काहीतरी भत्ता, नाहीतर घरचेच त्यांना ट्रकमध्ये चढवणार. आता हे सगळं आणायचं कुठून? तर चहावाला म्हणाला, "आजकाल शिकवाचे पैसे सरकार देते गा!" त्या क्षणी चहावाला हा शेवटी भेटलेला माणूस होता.

पूनमसिंग पंचायत समितीत गेला. तिथं सांगितलं, हे जिल्ह्याचं काम. यवतमाळला एका ऑफिसात सांगितलं, हे कौशल्याचं काम. कौशल्याच्या ऑफिसात सांगितलं, एकट्या माणसाला काही मिळत नाही, आधी संस्था काढा. पूनमसिंगनं तांड्यातली सात माणसं जमवून संस्थेचा अर्ज दिला. बाबूंनी नावं वाचली. राठोड, राठोड, राठोड, असं खालपर्यंत.

"एकाच घरची माणसं चालत नाहीत."

"एका घरचे नाही साहेब. एका तांड्याचे होत."

"पण सगळे राठोड?"

"तांडाच राठोडायचा आहे, तं देशमुख कुठून आनू?"

शेवटी पलीकडच्या गावचे शेतकरी किसनराव आणि सासरवाडीचा एक चव्हाण, असे दोघे उसने घेऊन संस्था झाली. पूनमसिंग ती घेऊन परत गेला, तर नवीन साहेबांनी सांगितलं की संस्था तीन वर्षं जुनी पाहिजे.

"साहेब, परवाच काढली."

"मग तीन वर्षांनी या."

पूनमसिंग नमस्कार करून घरी आला आणि शांतपणे तीन वर्षं वाट बघायला बसला. रुपीबाईनं त्याला त्याच दिवशी उठवलं. "तीन वर्षं सोनू ऊस तोडन काय? जा, कोनाले तरी अजून विचारा!"

त्यानं किसनरावांना विचारलं. किसनरावांना सगळ्या विषयांतलं थोडं कळतं आणि ते थोडं फार मोठ्यानं सांगता येतं. ते म्हणाले, "सरकार सोड. आता कंपन्या पैसे देतात. माह्या वैष्णवीकडे जा, तिच्या कम्प्युटरवर सगळं आहे." त्यांच्या मुलीचं पांढरकवड्याला ऑनलाइन सेंटर होतं. वैष्णवीनं खरंच नागपूरचं एक प्रतिष्ठान शोधून काढलं. उन्मेषसेतू त्याचं नाव. खेड्यातल्या बेरोजगार तरुणांच्या प्रशिक्षणासाठी ते अनुदान देत होतं, आणि नवी संस्थाही त्यांना चालत होती. फक्त एक लांबलचक फॉर्म भरायचा होता.

"काका, 'प्रकल्पाचा अपेक्षित परिणाम' विचारते."

"मोटर चालू होईन."

"तसा नाही. समाजावर काय परिणाम होईल?"

"समाजाले पानी भेटन."

वैष्णवीनं ओठ दाबून तेवढं टाइप केलं. "'प्रकल्पातली जोखीम?'"

"शॉक."

"बरं. 'अनुदान संपल्यानंतर प्रकल्प कसा टिकवाल?'"

पूनमसिंगनं पडद्याकडे पाहिलं, वैष्णवीकडे पाहिलं. "पोरी, अनुदान आजून भेटलं नाही. हे आत्ताच संपवून राह्यले?"

तरीही फॉर्म गेला आणि पसंत पडला. नागपूरहून फोन आला की आमचा माणूस गुरुवारी तांड्यात येईल, घरोघरी बसून पोरं खरोखर बेरोजगार आहेत का ते विचारेल, तेवढं जुळलं की पुढचं सोपं आहे. दसऱ्याला फार दिवस उरले नव्हते. वर्ग त्याआधी उभा राहिला तर पोरं थांबणार होती, नाहीतर ट्रक होताच.

पूनमसिंगनं तांड्यात दवंडी दिल्यासारखं सांगितलं, "गुरुवारी नागपूरचे साहेब येऊन राह्यले. सगळ्याईनं चांगलं बोला!"

त्यानं एवढंच सांगितलं. बेरोजगार हा शब्द त्याला जड वाटला, म्हणून त्यानं तो वगळला.

गुरुवारी तो झेंडूचा हार घेऊन पांढरकवड्याच्या बसस्टँडवर जाऊन उभा राहिला. साहेब म्हणजे पांढरी गाडी, काळा चष्मा आणि इंग्रजी, असं त्यानं गृहीत धरलं होतं, आणि तांड्यानंही. साहेब मात्र करंजीच्याच फाट्यावरून वळले आणि पांढरकवडा न बघता थेट चिंचमाळला पोचले.

आणि ते साहेब निघाले भीमसिंग जाधव. डिग्रसकडच्या तांड्याचा माणूस, जुनी जीप, खांद्याला शबनम, सोबत म्हातारी आई. आईचं नाव मोतीबाई. तिला मारेगावच्या पुढं लेकीच्या तांड्यावर सोडायचं होतं, म्हणून त्यानं तिला गाडीत घेतलं होतं. ती फेटिया-काचळीत, म्हणजे आरशांच्या घागरा-चोळीत, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आणि मांडीवर नातवंडांसाठी पेढ्यांचा पुडा.

आता आमच्याकडं दोन अनोळखी गोरमाटी, म्हणजे बंजारे, समोरासमोर आले की रामराम झाल्यावर पहिलं काम असतं तांडा सांगणं, गोत सांगणं, आईचं माहेर सांगणं. ते झाल्याशिवाय पाण्याचा तांब्याही पुढं सरकत नाही. भीमसिंग संस्कारी माणूस, त्यानं सगळं रीतसर सांगितलं; कामाचं पाण्यानंतर बोलू म्हणून नागपूरचं नाव तेवढं राहून गेलं. खाटेवर बसलेल्या नायकांनी मनातल्या मनात जुळणी केली. राठोड राठोडात देत नाहीत, पण जाधव चालतात. सोबत म्हातारी. म्हातारीच्या मांडीवर पेढे. आणि तेवढ्यात त्या पाहुण्यानं ओमकडे बोट दाखवून विचारलं, "छोरा कांई करच?"

पोरगा काय करतो! हा प्रश्न परक्या तांड्याचा माणूस दुसऱ्या कशासाठी विचारेल? पोरीकडची माणसं आली, हे अख्ख्या तांड्याला त्या क्षणी कळलं.

सोयरिकीची माणसं आली की तांड्यातली सगळी भांडणं त्या दिवसापुरती बंद होतात. तांड्यातल्या कुठल्याही पोराला पाहुण्यासमोर कमी दाखवायचं नाही, मग त्याच्या बापाशी तुमचं वर्षानुवर्षं बोलणं नसो. नायकांनी घसा साफ केला.

"ओम? नागपूरले कंपनीत आहे."

ओम तेव्हा शेजारीच बनियनवर बसून शेंगा खात होता.

"मग आज घरी कसा?" भीमसिंगनं विचारलं.

"सुट्टी."

"कोणती कंपनी?"

"मोठी," नायक म्हणाले.

भीमसिंगनं मोबाइलवर टिपून घेतलं. पुढं बिजलीबाईचं घर. तिच्या शामकडे दोन ट्रक होते. खरं म्हणजे हायवेवरच्या ढाब्यावर तो दोन ट्रक पुसून देत असे. पण बिजलीबाईनं फक्त पुसायचं गाळलं. रुपीबाईच्या दारात पाहुणे आले तेव्हा तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "सोनू बापाच्या धंद्यात आहे. धंदा त्यानंच वाढवला." हे ऐकून सोनूनं, मागं आणखी कोणी सोनू उभा आहे का, म्हणून वळून पाहिलं.

भीमसिंग चक्रावत गेला. त्यानं पुष्कळ तांडे पाहिले होते, पण एवढा सुबत्तेत लोळणारा तांडा, आणि तोही कुडाच्या भिंतींचा, त्याच्या पाहण्यात नव्हता. शेवटी न राहवून त्यानं नायकांना विचारलं, "बापू, मंग ऊसतोडीले कोन जाते इथून?"

"ते बाजूच्या तांड्याचे," नायक गंभीरपणे म्हणाले.

इकडे मोतीबाई बायकांच्या घोळक्यात रमली होती. प्रत्येक घरचा चहा आधीच्या घरापेक्षा गोड होत चालला होता. भीमसिंगला मारेगावला दुसरं काम होतं, आणि म्हातारीला जेवल्याशिवाय कोण सोडणार? "याडी राहू द्या, माय आमच्याकडं जेवन," नायक म्हणाले, "सकायी घेऊन जा." भीमसिंग आईला ठेवून निघाला, कडुनिंबाखाली जिथं मोबाइलला रेंज येते तिथं थांबला, अहवाल पाठवला आणि गेला.

दुपार कलल्यावर सुकलेला हार खांद्यावर टाकून पूनमसिंग घरी आला.

"साहेब आलेच नाही," तो म्हणाला.

"साहेब गेले खड्ड्यात!" रुपीबाई आनंदानं फुलली होती. "पाहुने आलते. जाधव, डिग्रसकडचे. म्हातारी तं नायकाच्या घरीच आहे आजून. मले वाटते, सोनूवर डोया आहे त्याईचा."

"काय विचारत होते?"

"जे विचारतेत तेच. पोरगा काय करते, किती शिकला, कमाई काय..."

"घरोघरी बसून विचारत होता?"

"होता."

"मोबाइलात लिहून घेत होता?"

"हो ना! लई हुशार मानूस."

पूनमसिंग उंबऱ्यावर बसला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. नागपूरचा संदेश होता. आपल्या गावात पात्र बेरोजगार युवक आढळले नाहीत, धन्यवाद.

दिवस मावळायच्या आत तांडा नायकांच्या अंगणात जमला. मोतीबाई आत चुलीपाशी बायकांना कसलीशी गाणी शिकवत होती, म्हणून सगळं भांडण खालच्या आवाजात करावं लागलं, आणि खालच्या आवाजात भांडायची तांड्याला सवय नव्हती.

"ओम कंपनीत आहे म्हनून सांगतलं तुम्ही?" पूनमसिंग नायकांवर फिसकारला.

"मंग काय सांगू? पोरीवाल्यासमोर रिकामा बसते म्हनू?"

"तो पोरीवाला नव्हता, बापू! रिकामी पोरं पाहाले आलता तो!"

"रिकामी पोरं पाहाले कोन येते लेका?" नायकांना हे शेवटपर्यंत पटलं नाही. "अन तूच तं म्हनला, चांगलं बोला."

"चांगलं म्हनजे खरं!"

"मंग खरं बोला म्हनाचं होतं. चांगलं अन खरं एकच असते काय?"

पूनमसिंगनं मोतीबाईकडून तिच्या लेकाचा नंबर घेतला. त्यानं भीमसिंगला फोन लावला आणि सगळं सांगितलं. मग भीमसिंग म्हणाला, "पहिला अहवाल आता मागं घेता येत नाही भाऊ. पन उद्या याडीले न्याले येतो, तवा दुसऱ्या भेटीचा पाठवतो. फक्त घरच्याईनं सोता सांगाले पाह्यजे, माह्यासमोर. तुमचं सांगनं चालत नाही."

एवढंच करायचं होतं. सकाळी उठून आपापल्या पोराला रिकामा म्हणायचं. पण मोतीबाई तिथंच असणार होती. आणि मोतीबाई म्हणजे जिच्यावाचून डिग्रस-दारव्ह्याकडची लग्नं लागत नाहीत अशी बाई. ती इथं जे ऐकेल ते दिवाळीपर्यंत प्रत्येक तांड्याच्या चुलीपर्यंत पोचणार.

"आज कंपनीत, उद्या रिकामा," नायक म्हणाले. "रिकाम्याले एकवेळ पोरगी देतीन. खोटारड्याले कोन देईन?"

पूनमसिंगला ते पटलं.

"माह्या शामचं लगन मोडून मोटरी शिकवता काय, भाऊजी?" बिजलीबाई म्हणाली. पूनमसिंगला तेही पटलं. सगळं पटवून घेऊन तो घरी आला, तेव्हा त्याला वर्ग हवा आहे की नको, हेच त्याला सांगता येत नव्हतं.

रुपीबाई भाकरी थापत होती. पोरासाठी दोन ठिकाणची बोलणी आधीच फिसकटली होती, आणि आज दिवसभर तिनं मनात मांडव घातला होता. तिनं एकच विचारलं.

"वर्ग नाही झाला तं सोनू ट्रकमंदी बसन?"

"बसन."

तिनं पुढची भाकरी तव्यावर टाकली.

सकाळी भीमसिंग आला. नायकांच्या अंगणात पुन्हा सगळा तांडा. मोतीबाई खाटेवर, पेढ्यांचा पुडा मांडीवर, निघायच्या तयारीत. भीमसिंगनं मोबाइल काढला आणि कोणाकडेही न बघता विचारलं, "हं. कालचं पुन्हा एकडाव विचारतो. पोरं काय करतात?"

नायक आभाळाकडे बघू लागले. बिजलीबाईला एकाएकी बकरीची आठवण झाली. पूनमसिंगनं तोंड उघडलं, भीमसिंगनं हातानंच त्याला थांबवलं.

रुपीबाई पुढं आली. ती भीमसिंगशी बोलली, पण बघत होती मोतीबाईकडे.

"भाऊ, माहा सोनू रिकामा आहे. धंदा-बिंदा काही वाढवला नाही त्यानं. ऊस तोडाले जाते. काल म्या खोटं सांगतलं."

सोनू पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. मोतीबाईनं तंबाखू मळता मळता हात थांबवला.

"शाम बी," बिजलीबाई एकदम म्हणाली. "ट्रक त्याचे नाही. पुसते."

मग मात्र बांध फुटला. नायकांना मागं राहणं शोभणारं नव्हतं. "लिहा साहेब, ओम रिकामा! कंपनी कोन्या दिशेले असते तेबी त्याले ठाऊक नाही!" कोपऱ्यातून आवाज आला, "माहा तं ओमपेक्षाही रिकामा!" कोणी आपल्या पोराला आळशी म्हणालं, तर दुसऱ्यानं लगेच आपल्या पोराला झोपाळू म्हणून वर बोली लावली. एका बापानं तर एसटीत कंडक्टर असलेल्या मुलाचं नाव सांगितलं, आणि तो मुलगा खाकी कपड्यांत, तिकिटांचं मशीन गळ्यात, ड्युटीवर निघालेला समोरच उभा होता.

"बाबा!"

"गप रे. सगळे सांगून राह्यले."

भीमसिंगनं कपाळावरचा घाम पुसला. काल या तांड्यात रिकामा कोणी नव्हता, आज कामाचा कोणी उरला नव्हता. त्यानं जमेल तसं लिहिलं, कंडक्टर गाळला आणि जीप चालू केली.

गाडीत चढताना मोतीबाईनं रुपीबाईला जवळ बोलावलं. "छोरा हातानं काम करन का?"

"शिकवलं तं करन."

म्हातारीनं मान हलवली. हो म्हणाली की नाही, ते तिथल्या कोणालाच कळलं नाही. पेढ्यांचा पुडा मात्र तिच्या मांडीवर जसा आला होता तसाच परत गेला, हे सगळ्यांनी पाहिलं.

नागपूरला दोन अहवाल पोचले. दोन्हींवर एकच नाव, एकच तांडा, एका दिवसाचं अंतर. तिथल्या बाईंनी पूनमसिंगला फोन केला. "आम्ही कोणता खरा धरायचा?"

पूनमसिंगनं बराच विचार केला. विचारायला जवळ दुसरं कोणी नव्हतं.

"बाई, पहिला आमच्या इज्जतीचा आहे," तो म्हणाला, "अन दुसरा आमच्या पोराईचा. दसऱ्याले ट्रक येते. काय ते तुम्ही पाहा."

बाईंना ते समजलं की नाही, देव जाणे. पण आठवड्यानं मंजुरी आली. मोटारी, तार, हत्यारं, पंधरा पोरांपुरता भत्ता, आधी एकच तुकडी, ती नीट झाली तर पुढचं बघू. ट्रक आला तेव्हा बिजलीबाईनं शामला शेवटी त्यात बसवलंच. सहा महिने थांबायला तिचा धीर झाला नाही. बाकीची पोरं कडुनिंबाखाली उभी राहून ट्रकला हात करत राहिली.

वर्गाच्या पहिल्या दिवशी पूनमसिंग धुतलेला सदरा घालून समाजमंदिरात गेला, तर आत पाय ठेवायला जागा नव्हती. डिग्रसकडची पोरं होती, दारव्ह्याची होती, राळेगावकडच्या कोलाम आदिवासींची तीन पोरं होती. बाहेर त्यांचे बाप उभे होते, आणि पूनमसिंग दिसताच सगळे एकदम बोलायला लागले.

"आमचा बी रिकामाच आहे, भाऊ!"

"साफ रिकामा!"

"कोनी सांगतलं तुमाले?" पूनमसिंग गोंधळून म्हणाला.

"मोतीबाईनं. प्रत्येक तांड्यात सांगून राह्यली. चिंचमायले रिकाम्या पोराले मोटर शिकवतेत, तिथं मायच उठून सांगते म्हने पोरगा रिकामा आहे म्हनून. मंग आमी काहून लाजाव?"

पूनमसिंगनं वैष्णवीला फोन केला. ती म्हणाली, पंधरा म्हणजे पंधरा. किसनरावांना केला. ते म्हणाले, घे सगळे, नागपूरला कोण मोजतं. भीमसिंगचा फोन लागला नाही. फोन खिशात ठेवून तो पंधरा पक्कडी आणि त्या गर्दीकडे आळीपाळीनं बघत दारातच थांबला.

रुपीबाई हातात चहाचा गंज घेऊन मागून आली. "चाय किती जनाचा ठेवू?"

त्यानं पोरं मोजली. पुन्हा मोजली, तर आकडा वेगळा आला.

आत सोनूनं मागच्या पोरांना पुढं सरकवून घेतलं होतं. एक जळकी मोटर उलटी करून तो तिचा पहिला नट सैल करत होता. मान वर न करता तो म्हणाला, "याडी, मोठा गंज ठेव."